मैना आत्याच्या धवल्यातलं माझं नाव

आमच्या आगरी लग्नात भटजी असतात, मंगलाष्टकं होतात, पण लग्न खरं लावते ती धवलारीन. हळद दळण्यापासून नवरी पाटावर बसवेपर्यंतचं सगळं तिच्या गाण्यावर चालतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. मैना आत्या धवलारीन होती. माझ्या वडिलांची ही चुलत बहीण. जन्म बेलपाड्याचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला, आणि दिली होती नेऱ्याला, डोंगराच्या पायथ्याशी. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण तीन तास पुरतील एवढे धवले तोंडपाठ. मध्येच एखाद्या बाईनं शब्द चुकवला तर आत्या गाणं न थांबवता तिच्या मांडीला चिमटा काढायची.

ती सुरुवात नेहमी सूर्या-चंद्राला बोलावण्यानं करी.

ये रं सूर्या, ये रं चांदा,
माजे मांडवाला द्या खांदा.

मग देव, मग गावदेवी, आणि मग मानाची माणसं. ही यादी तिच्या घराण्याची होती. तिला धवले शिकवणारी सोनाबाई, सोनाबाईच्या लग्नात घागरी पुरवणारा विठू कुंभार, कधीकाळी पुरात गावाला होडीतून काढणारा दादू. बहुतेक सगळे कधीच मेलेले. ज्याच्या हातून काही घेतलं त्याचं नाव मांडवात घ्यायचं, असा नियम. एकदा नाव आत गेलं की ते निघत नाही. काढायचंच असेल तर धवलारीननं भर मांडवात गाणं थांबवून सांगायचं, हे नाव मी का गाळते. माझ्या लहानपणी असं एकदाच झालं. यादीतल्या तुळशीराम नावाच्या माणसानं गावाचं खळं परस्पर विकलं, तेव्हा आत्यानं त्याच्याच पुतण्याच्या हळदीत गाणं थांबवून ते सांगितलं आणि पुढची ओळ घेतली. तुळशीराम समोर बसून वडे खात होता. त्या दिवसापासून मी आत्याला जरा टरकूनच असे.

आता माझ्याविषयी. पनवेलला उरण नाक्याजवळ माझं औषधांचं दुकान आहे. ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही’ अशी पाटी लावलेली आहे. ती नियमानं लावावी लागते, आणि ती वाचून परत गेलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. मी दोन वर्षांचा डिप्लोमा केलेला माणूस. पण नेरे, बेलपाडा, पार खाडीपर्यंतची आमची माणसं मला ‘भगवान डाक्टर’ म्हणतात. सुरुवातीला एक-दोनदा मी ‘मी डॉक्टर नाही’ असं म्हटलं. मग म्हणायचं सोडून दिलं. फुकटचा मान कोणाला नको असतो?

२००९ साली गणपती झाल्यावर आत्या दुकानात आली. दोन्ही हात पदराखाली. गिऱ्हाईक सरेपर्यंत ती बाकड्यावर गप्प बसून राहिली, तेव्हाच मला वाटलं की काहीतरी बिनसलंय, कारण आत्या गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दुकान रिकामं झाल्यावर तिनं हात काउंटरवर ठेवले. बोटांच्या प्रत्येक सांध्यावर लालसर-जांभळट, चपटे उंचवटे होते. नखांच्या मुळाशी कातडी खरखरीत होऊन फाटली होती.

“मना गजकर्न झायलाय,” ती म्हणाली. “कुनाला सांगू नको.”

मग तिनं झालेलं सांगितलं. आदल्या आठवड्यात बेलपाड्याला एका हळदीला तिला बोलावलं होतं. नवरीच्या मावशीनं हात पाहिले आणि म्हणाली, आत्या, तू गा, पण पोरीला हळद नको लावू, तिला लागंल. आत्या पाटापासून चार हात लांब बसून, हात पदराखाली घेऊन, सगळे धवले गायली. ज्या माहेरात ती जन्मली तिथे. हे सांगताना ती रडली नाही. नजर मात्र माझ्या मागच्या कपाटाकडे होती.

“वैशाखात मनस्वीचा लगीन हाय,” ती म्हणाली. मनस्वी माझी मुलगी. “तुजे लग्नात हलद मीच लावली. तिला बी मीच लावीन. तवर माजे हात साफ करून दे. दुसरा मना काय नको.”

मी ते हात ट्यूबलाइटखाली नीट पाहिले. निदान ‘पाहिले’ असं मला त्या वेळी वाटलं. गजकर्ण असं सांध्यांवर नेमकं, दोन्ही हातांवर सारखं उठत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. मी कपाटातून ट्यूब काढली. खाज, बुरशी, सूज, सगळ्यांवर एकत्र चालणारी, तीन औषधांची. सगळे मेडिकलवाले तीच देतात. तिला वाचता येत नसे, म्हणून ट्यूबवर पांढरा कागद चिकटवून त्यावर पेनानं एक सूर्य आणि एक चंद्रकोर काढली. सकाळी एकदा, रात्री एकदा. न वाचता येणाऱ्या सगळ्यांना मी असंच करून देतो. माझा तो सूर्य, हसऱ्या तोंडाचा, आमच्या माणसांत प्रसिद्ध आहे.

आत्या खूश झाली. “लग्नाला सूर्या-चांदाला मी बोलावते, आनि औशदाला तू,” ती म्हणाली.

पंधरा दिवसांत लाली उतरली. आत्यानं येऊन हात दाखवले, मी दुसरी ट्यूब दिली. ट्यूब थांबवली की डाग परत येत, लावली की दबत. असल्या जोरदार मलमाचा हाच गुण असतो आणि हाच दोष. मला तेव्हा फक्त गुण दिसत होता.

दिवाळीला आली तेव्हा पापण्या जांभळट दिसत होत्या, थोड्या सुजलेल्या. मी तिची थट्टा केली. “काय आत्या, नटीबिटी झालीस की काय? रंग कुठला लावतेस?”

“म्हातारपनी शौक आलाय,” ती हसून म्हणाली. पण पुढच्या खेपेपासून तिचा पदर कपाळाच्या खाली आला. “डोल्याला बी लावू का रं ट्यूब?” तिनं विचारलं. मी म्हणालो, थोडीशी लाव. हे वाक्य मी कोणालाही आजवर सांगितलेलं नाही. पापण्यांना ते मलम लावायचं नसतं हे ट्यूबच्या खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं, आणि तो कागद वाचता येणारा आम्हा दोघांत मी एकटाच होतो.

मग ती म्हणाली, हात वर जात नाहीत, वेणी सून घालून देते. मी म्हटलं, वय झालं, आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. गळ्याखाली आणि खांद्यांवर लाली पसरली. मी म्हटलं, ऊन लागलं. मार्गशीर्षातल्या एका लग्नात तिचा आवाज नाकातून येत होता, बायका म्हणाल्या, म्हातारीचा गळा गेला. मी खोकल्याचं औषध दिलं. एकेका दुखण्याला मी एकेक बाटली, एकेक पट्टी देत गेलो. ही सगळी दुखणी एकाच बाईची आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते आत येऊ दिलं नसेल. आता नक्की सांगता येत नाही.

माघ महिन्यात ती सून मालूबरोबर आली. दुकानाला दोन पायऱ्या आहेत. त्या तिला चढता येईनात. मालूनं काखेत हात घालून तिला वर घेतलं. मी पाण्याचा पेला दिला. आत्यानं घोट घेतला आणि पाणी नाकातून बाहेर आलं. तिनं ओशाळून पदरानं तोंड पुसलं, आजूबाजूला कोणी बघितलं नाही ना ते पाहिलं, आणि म्हणाली, “जरा घाईत पिले.”

त्या क्षणी मी घाबरलो. मालूला दुकानात बसवलं आणि आत्याला घेऊन रिक्षा केली. पनवेलात त्या वर्षी एक तरुण त्वचारोगतज्ज्ञ आल्या होत्या, डॉक्टर समृद्धी. त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन बरीच माणसं माझ्याकडे येत. चिठ्ठीशिवाय अशा ट्यूबा देणाऱ्या दुकानदारांवर त्यांचा फार राग आहे, हेही मला माहीत होतं. रिक्षा वळणावर आली तेव्हा मी आत्याला म्हणालो, “आत्या, डॉक्टरांनी विचारलं तर माझं नाव नको सांगूस हां.”

ती पुरती आजारी होती. तिचं डोकं रिक्षाच्या कडेला टेकलेलं होतं. “मी कशाला तुजा नाव घेवू?” ती म्हणाली. “तुजे दुकानाचा वांदा व्हईल ना?”

“हो,” मी म्हणालो.

घशातून पाणी न उतरणाऱ्या बाईला दवाखान्यात नेताना मी हे बोललो. बाकीचं सगळं अज्ञान होतं असं मी कधीकधी मनाची समजूत काढतो. हे अज्ञान नव्हतं.

डॉक्टर समृद्धींनी हात पाहिले, नखांच्या कडा भिंगातून पाहिल्या, पापण्या पाहिल्या. मग म्हणाल्या, “मावशी, खाली बसून उठा बघू.” आत्या बसली. उठता येईना. डॉक्टरांनी स्वतः वाकून तिला उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. “हात वर करा.” हात खांद्यापर्यंतही गेले नाहीत.

“हा त्वचेचा रोग नाही, मावशी. म्हणजे फक्त त्वचेचा नाही. तुमचं शरीर तुमच्याच कातडीवर आणि स्नायूंवर उलटलंय. क्वचित होतो हा आजार. पापण्यांचा हा रंग आणि सांध्यांवरचे हे डाग, ही त्याची खूण.” मग त्यांनी हात उलटा करून कातडी चिमटीत धरली. “ही एवढी पातळ कशानं झाली? काय लावत होता?”

“ट्यूब.”

“कोणी दिली?”

मी शेजारीच बसलो होतो. समोर भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं चित्र होतं, का कोण जाणे. मी ते बघत राहिलो.

“मीच घेतली,” आत्या म्हणाली. “बाजारातून. गनपतीपासून लावते.”

“असं कसं घेता तुम्ही लोक? सहा-सहा महिने?” डॉक्टर रागावल्या, आणि तो राग आत्यानं मान खाली घालून घेतला. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. “रिपोर्ट घेऊन परवा या. आणि त्या ट्यूबा घरात असतील तेवढ्या घेऊन या, रिकाम्याही. काय काय अंगात गेलंय ते मला बघू दे.”

आत्या कोणाच्या हातून आलेली वस्तू टाकत नसे. माझ्या ट्यूबा तिनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. अकरा ट्यूबा, अकरा हसरे सूर्य. डॉक्टरांच्या टेबलासमोर रोज चार माणसं तरी माझा सूर्य चिकटवलेली पाकिटं घेऊन बसत; तो कोणाचा हे त्यांनी लगेच ओळखलं असतं. पुढचे दोन दिवस मला झोप लागली नाही. आत्याच्या काळजीनं लागली नाही असं मी बायकोला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं डॉक्टरांच्या टेबलावर पिशवी ओतली. अकरा ट्यूबा. एकाही ट्यूबवर कागद नव्हता. जिथे तो होता तिथे डिंकाचा मळका डाग आणि नखांचे ओरखडे. आत्याच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. नखांच्या मुळांची आधीच फाटलेली कातडी उसवली होती, दोन बोटांवर रक्त वाळलं होतं.

“हे काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

“भांडी घासली,” आत्या म्हणाली.

जिला हात खांद्यापर्यंत नेता येत नव्हते, तिनं बसून एकेक कागद नखानं खरवडून काढला होता. मी तिला तसं सांगितलंही नव्हतं. आणि मला त्या वेळी पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हायसं. लाज नंतर आली, घरी जेवायला बसल्यावर. आधी हायसंच वाटलं, ते मी लपवणार नाही.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हा आजार झालेल्या प्रत्येकाला पोटात काही असतंच असं नाही, त्या म्हणाल्या, पण या वयात झाला तर आत शोधल्याशिवाय थांबायचं नसतं. आत कुठेतरी गाठ धरलेली असते, शरीर तिच्याशी झुंजायला उठतं आणि त्या झुंजीत कातडी-स्नायू भाजून निघतात. बाहेरचे डाग म्हणजे आतून आलेला निरोप. “तो निरोप कोणीतरी सहा महिने पुसत होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही तर औषधांतले आहात. तुमच्या लक्षात नाही आलं?”

“मी पाहिलं नव्हतं,” मी म्हणालो.

सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला. अंडाशयात गाठ होती आणि पोटाच्या पडद्यावर तिचे बारके दाणे पसरले होते. आधी आली असती तर गाठ एकाच जागी सापडलीही असती, असं मुंबईच्या इस्पितळातले सर्जन म्हणाले. नक्की कोणी सांगू शकत नाही, हेही म्हणाले. मी त्यातलं दुसरं वाक्य घट्ट धरून ठेवलं. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं सुरू झाली. पोटात घ्यायच्या गोळ्यांनी स्नायूंत थोडा जीव आला, घोट उतरू लागला. डोक्यावरचे केस गेले.

इस्पितळातून आल्यावर ती गोळ्यांची पिशवी घेऊन माझ्याच दुकानात आली. बाकड्यावर बसली आणि म्हणाली, “आता काढ सूर्या-चांद. आता डाक्टरची चिठ्ठी हाय, आता भ्यायाला नको.” मी सात पाकिटांवर सूर्य-चंद्र काढले. सूर्याला तोंड काढायला हात धजेना. आत्यानं पाकीट निरखून पाहिलं. “याला हसायला काय झायला?” तिनं विचारलं. मी तोंड काढलं.

लग्नाला पंधरा दिवस राहिले असताना आमच्या होणाऱ्या विहीणबाई, शशिकलाताई, उरणहून घरी आल्या. घरात वडे-पापडांची तयारी चालली होती, मालूही मदतीला आली होती. चहा घेताना शशिकलाताई म्हणाल्या, “तुमच्या आत्यांचं ऐकलं हो. कोणा मेडिकलवाल्यानं म्हणे महिनोन्महिने ट्यूबा दिल्या, म्हणून आजार कळलाच नाही. पनवेलातलाच आहे म्हणतात. कोण हो तो?”

“लोक काय, काहीही बोलतात,” मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि चहाचे कप उचलले. तिला कळलं होतं. ती त्याविषयी एक अक्षरही बोलली नाही. त्या न बोलण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

हळदीच्या दिवशी आमच्या दारात मांडव, समोर स्पीकरच्या भिंती. आमच्या हळदीचा डीजे दोन गावं झोपू देत नाही. आत्या आली तेव्हा मनस्वीनं तो बंद करायला लावला. डोक्याला रुमाल, त्यावर पदर, अंगावर हिरवं लुगडं. तिच्या हातांवरचे डाग पुसट झाले होते, पण गेले नव्हते. दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मनस्वीनं पाट आत्याच्या अगदी पुढ्यात सरकवला.

आत्यानं हळदीत बोटं बुडवली आणि हात उचलला. तो मनस्वीच्या गुडघ्यापर्यंतच गेला. तिथेच थरथरत राहिला. मग मनस्वी पाटावरून पुढे वाकली, एवढी वाकली की कपाळ आत्याच्या मांडीला लागलं, आणि दोन्ही गाल आत्याच्या हातांत दिले. आत्यानं हळद लावली. सगळ्या बायकांचे डोळे भरले. माझेही भरले, पण त्या रडण्यात इतरांच्या पंगतीला बसायचा हक्क मला नव्हता.

मग ती गाऊ लागली. आवाज अजून नाकातून येत होता. सूर्याला बोलावलं, चंद्राला बोलावलं. देव झाले, गावदेवी झाली. सोनाबाई, विठू कुंभार, दादू. यादी संपली असं समजून बायका पुढची ओळ उचलणार, तोच आत्यानं शेजारच्या बाईचा हात दाबून त्यांना थांबवलं आणि नवी ओळ घेतली.

मान देतंय भगवान भाच्याला,
ज्यानं औशीद दिला माजे हाताला.

दोनदा गायली. दुसऱ्यांदा बायकांनीही साथ दिली. सगळा मांडव माझ्याकडे वळला. शशिकलाताईंनी आपल्या जावेच्या कानात काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बघून आदरानं मान हलवली. कोणीतरी टाळी वाजवली. मी हात जोडले आणि मान खाली घातली. भाऊबंद म्हणाले, भगवान गहिवरला. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. मला तेव्हा असंच वाटलं की तिला काही कळलेलंच नाही. ट्यूबनं हात बरे केले असंच ती बिचारी समजते आहे. आणि तिचं ते समजणं मी तसंच राहू दिलं.

आत्या पुढच्या पौषात गेली. शेवटच्या दोन महिन्यांत मी आठ-दहा वेळा नेऱ्याला गेलो. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो, आणि हवापाण्याचं बोलून, सूर्य-चंद्र काढून परत यायचो.

धवले तिच्या मागे मालू गाऊ लागली. सासूच्या तोंडून शिकलेली, शब्दाला पक्की. पहिल्याच लग्नात यादी दादूवर न संपता माझ्यापर्यंत आली. दुसऱ्या लग्नातही आली. पनवेलपासून खाडीपर्यंत जिथे जिथे मालू जाते तिथे तिथे हळदीच्या पाटाशी माझं नाव घेतलं जातं. गावातून नवी माणसं दुकानात येतात, म्हणतात, गाण्यातले डाक्टर तुमीच ना?

दीड वर्ष मी ते ऐकलं. मग एका दुपारी नेऱ्याला गेलो. मालू अंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. गजकर्ण, पापण्या, रिक्षातलं बोलणं, सगळं. शेवटी म्हणालो, “मालू, ती ओळ गाळ. आत्याला माहीत नव्हतं म्हणून तिनं ती घातली.”

मालूनं सूप खाली ठेवलं. “दादा, तिला समदा ठावूक व्हता.”

“ऑपरेशनचे टायमाला डाक्टरीनबाई बघाला आल्या व्हत्या. त्यांनी सांगितला, त्या ट्यूबांनी येल घालवला. मी मोप तरफडले. तुजे दुकानावर येऊन भांडनार व्हते. आयनी मना शपथ घातली.” आई म्हणजे आत्या. “मंग तुजे घरी त्या उरनच्या बाईनी इचारला ना, कोन तो मेडिकलवाला? ते मी घरी येऊन आयला सांगितला. ती रातभर जागी व्हती. सकालचे बोलली, त्याचे पोरीचा लगीन हाय. मांडवात बापाची मान खाली नको जावाला. नि ती ओल बांधली.”

सुपातले तांदूळ एका चिमणीनं टिपायला सुरुवात केली होती. मालूनं तिला हाकललं नाही.

“म्हणून तर म्हणतो, गाळ,” मी म्हणालो.

“गालते ना,” मालू म्हणाली. “पन आयचा नेम तुला म्हायती हाय. नाव गालायचा तर मांडवात थांबून सांगाला लागतंय, का गालला. ते मी नाय सांगनार, मना शपथ हाय. मी तिथं थांबीन. तू उभा राहून सांग. मंग गालते.”

मी बरं म्हणालो.

गेल्या वैशाखात नेऱ्यालाच, आत्याच्या नातवाची, प्रितमची हळद होती. मी पुढेच बसलो होतो. दुकानातून निघताना मनाशी वाक्यं जुळवली होती, चारच होती, छोटी. मालूनं सूर्या-चंद्राला बोलावलं. देव झाले. सोनाबाई, विठू कुंभार, दादू. आणि तिथे ती थांबली. गाणं तुटलं. बायकांनी मागे वळून पाहिलं, एक म्हातारी म्हणाली, विसरली काय गो? मालू माझ्याकडे बघत होती, आणि बराच वेळ बघत राहिली.

मी बसल्या जागी हात जोडले.

मालूनं नजर काढून घेतली आणि ओळ गायली, दोनदा.